वासे मोजणारी माणसं

मराठीत वासे मोजणाऱ्याला कोणी चांगलं म्हणत नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजतो तो कृतघ्न, असा या भाषेचा निवाडा. पण कोकणात वर्षातला एक दिवस असा असे, की घरचेच लोक आदल्या संध्याकाळी निरोप धाडून वासे मोजणाऱ्याला बोलावत, सकाळी त्याच्या हातात चहाचा पेला देत, दुपारी त्याला जेवू घालत आणि दिवेलागणीला पैसे देऊन वाटेला लावत. तो दिवस शाकारणीचा. छपरावर चढलेला गडी खरोखरच वासे मोजायचा. पन्हळाजवळचा वासा कुजलाय, देवघरावरच्याला वाळवी लागलीय, पडवीचा यंदा निभावेल, असा हिशेब तो वरूनच ओरडून सांगायचा. आणि हे सगळं तो मोजायचा पायाने.

उंचावरच्या कामातली सुरक्षितता म्हटलं की आज डोळ्यांपुढे हेल्मेट येतं, पट्टे येतात, पिवळं जाकीट येतं. या वस्तू अलीकडच्या. त्याआधीची निदान दोन-तीन शतकं छपरावरचा माणूस जगला तो पाऊल कुठे टाकायचं एवढ्या एका ज्ञानावर. छपराचं सामान बदललं की ते ज्ञान जुनं व्हायचं आणि नवं पायात मुरेपर्यंत माणसं पडायची.

शाकारणे हे क्रियापद चांगलंच जुनं आहे. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, सुधारलेली १८५७) ते आहे आणि गवताने घर झाकणं काय, कौलं घालणं काय, दोन्ही त्यात बसतं. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागतं. त्यामुळे वैशाख सरत आला की गावात शाकारणीचे गडी मिळेनासे होत; आधी बोललं त्याचं घर आधी. भाताचा पेंढा, गवत, नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं असलं छप्पर दरवर्षी नव्याने घालावं लागे. ते घर ठेंगणं. माणूस निसटला तरी मऊ छपरावरून घरंगळत अंगणात येई. लागायचं, पण सहसा जिवावर बेतायचं नाही.

कौल आलं आणि छप्पर वर गेलं. जुनं गावठी कौल म्हणजे नळा. कुंभार चाकावर निमुळती नळी काढायचा, ओली असतानाच ती उभी चिरायचा आणि भाजायचा. एका नळीची दोन कौलं. नळे दोन थरांत बसत. खालचा थर उताणा, त्यातून पाणी वाहायचं. वरचा पालथा, तो दोन उताण्यांमधली फट झाकायचा. यात खिळा नाही, चुना नाही. नळा नुसता स्वतःच्या वजनावर पडून असतो. त्यामुळे माकडाची एक उडी, मांजरांचं एक भांडण किंवा वाऱ्याने सुटलेला एखादा नारळ एवढ्यानेही पाखं विस्कटतं. दरसालची शाकारणी ही हौस नव्हती. नळ्याचं छप्पर वर्षभरात आपलं आपणच हलायचं.

आता पन्हळाचं. कोकणी घराची वळचण लांब बाहेर आलेली असते. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात आणि जांभ्याचा चिरा भिजू नये म्हणून. मोकळ्या आवारातल्या घराला चहूबाजूंनी पन्हळ लावायची गरजच नव्हती. पागोळ्यांनी अंगणाच्या कडेला खळग्यांची एक ओळ पडायची आणि ते पाणी आपल्या वाटेने परसात जायचं. पन्हळ लागायचं ते जिथे दोन पाखी एकमेकांना भिडतात त्या खोबणीत: माजघराचं छप्पर आणि पुढे काढलेली पडवी, किंवा थोरल्या भावाचं घर आणि त्याला चिकटून धाकट्याने बांधलेलं. पोफळीचं खोड उभं चिरून आतला गाभा काढला की आयतं पन्हळ मिळे. पुढे जस्ती पत्र्याचं आलं, त्याला सांध्यावर डाग द्यायला गावात कोणीतरी असायचा.

ही खोबण म्हणजे घराची दुखरी जागा. आढ्याचं पाणी वळचणीला जावं हा निसर्गनियम, पण इथे दोन आढ्यांचं पाणी एकाच वळचणीला येतं. त्याबरोबर पानं येतात, शेवाळ येतं, आंब्याचा मोहोर येतो, उंदरांनी नेलेल्या फणसाच्या आठळ्या येतात. पन्हळ तुंबलं की पाणी मागे सरतं, कौलाखाली शिरतं आणि नेमक्या त्याच जागी वासा कुजतो. म्हणजे छपरावर जिथे जावंच लागतं, तिथलाच वासा सगळ्यात कच्चा. पन्हळ साफ करायला गेलेला माणूस पडतो त्यामागे पुष्कळदा हे एवढंच साधं कारण असतं. जुने गडी म्हणूनच पन्हळाकडे सरळ जात नसत. कडेची चार-सहा कौलं काढून आधी खाली डोकावत, वासा कोयत्याच्या पाठीने ठोकून बघत. टणक आवाज आला की पुढे, भदभद वाजलं की तिथे आडवं फळकूट.

शाकारणीतली सगळी हुशारी याच रीतीत होती. कौलं काढत काढत सरकायचं. कौल उचललं की खालची रीप दिसते, वासा दिसतो. छप्पर आपला सांगाडा उघडा करतं आणि पाय कुठे ठेवायचा ते विचारावं लागत नाही. चार हात रुंदीचा पट्टा उघडायचा, कौलं हातोहात खाली द्यायची, खालच्या बायका नारळाच्या सोडणाने शेवाळ घासणार, फुटकी बाजूला काढणार (ती पोरांच्या लगोरीला), धड परत वर. मग तोच पट्टा झाकायचा आणि पुढे सरकायचं. चालायचं अनवाणी. टाच टेकायची नाही, पंजा टेकायचा, तोही वाशाच्या रेषेवर. कामाला सुरुवात उजाडताच व्हायची, कारण वैशाखात अकरा वाजले की कौलावर पाय ठरत नाही. आणि एखादी वळवाची सर आलीच, तर ती थांबल्यावरही लगेच वर जायचं नाही. भिजलेल्या शेवाळावरून अनवाणी पायही सुटतो.

शिडी बांबूची. तिचा माथा सुंभाने वाशाला बांधायचा आणि पायथ्याशी एक पोरगा उभा करायचा. शिडी धरणं हे पोरांना कंटाळवाणं वाटणारं काम होतं आणि त्यावरून त्यांनी पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत. आजची पुस्तकं सांगतात, की शिडी चार हात उंच टेकली तर तिचा पायथा भिंतीपासून एक हात दूर हवा आणि तिचं टोक वळचणीच्या वर साधारण मीटरभर यायला हवं, म्हणजे वर पाऊल टाकताना हाताला धरायला काहीतरी राहतं. शाकारणीचे गडी हे मापाने सांगू शकले नसते. पण आखूड शिडी लावलेली बघून ते चढले नसते.

यावरून जुनं सगळं सुरक्षित होतं असं समजायचं कारण नाही. माणसं पडायचीच. कंबर मोडून उरलेला जन्म पडवीत काढलेला एखादा म्हातारा कोकणातल्या पुष्कळ वाड्यांच्या आठवणीत असतो. फरक इतकाच, की ते पडणं कुठल्या कागदावर आलं नाही. घर हे कोणाच्या लेखी कामाचं ठिकाण नव्हतं आणि शाकारणी हा धंदा नव्हता. ती उन्हाळ्यातली एक मजुरी होती. तोच माणूस चैत्रात आंबे उतरवायचा आणि आषाढात लावणीला असायचा.

१८६५ साली मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. त्यामागचा माणूस जॉर्ज प्लेब्स्ट, मिशनच्या छापखान्यासाठी आलेला. नेत्रावतीच्या काठची माती त्याला कौलाजोगी वाटली. कौलाचा नमुना मुळात युरोपातला: अल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं होतं. चपटं, कडेला खाच, मागे रिपेवर अडकायला नाक, असं ते कौल यंत्रावर दाबून निघायचं. मचव्यांतून ते किनाऱ्याने वर आलं, रत्नागिरीला उतरलं, मुंबईला उतरलं, पार पूर्व आफ्रिकेपर्यंत गेलं. कोकणात त्याचं नाव पडलं मंगळुरी. अजूनही एखादं जुनं घर उतरवताना कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव आणि १८६५ हा आकडा उठलेला सापडतो.

मंगळुरी कौलाने शाकारणीचं निम्मं काम कमी केलं. चौरस मीटरला साधारण १५ कौलं पुरतात, नळ्यांच्या दोन थरांपेक्षा भार हलका, आणि एकात एक अडकल्यामुळे मांजराच्या भांडणाने ते हलत नाही. रिपा साधारण फुटाफुटावर. पण पायाला नवा धडा घ्यावा लागला. नळ्यांच्या पाख्यावर उघड्या वाशावरून चालायची सवय; इथे कौलं दरवेळी काढायचं कारणच उरलं नाही, म्हणजे झाकल्या छपरावरूनच चालायचं आलं. मग गड्यांनी शोधून काढलं, की वरच्या कौलाची खालची कड खालच्या कौलावर जिथे चढते, तिथे बरोबर खाली रीप असते. पंजा तिथे ठेवला की भार रिपेवर जातो. कौलाच्या मधोमध ठेवला की कौल कट्कन बोलतं. ही गोष्ट कोणी लिहून ठेवली नाही. मुलगा बापाच्या मागून चालत शिकला.

शहरात घरं एकमेकांना खेटून उभी राहिली आणि पागोळ्यांवरून भांडणं सुरू झाली. पुण्यातल्या वाड्यांनी पाण्याची सोय पुष्कळशी आतल्या चौकात केली होती. चारी पाख्यांचं पाणी आपल्याच चौकात पाडलं की शेजाऱ्याला बोलायला जागा नाही. पण चाळीला, पेठेतल्या दुकानाला हे जमण्यासारखं नव्हतं. आपल्या वळचणीचं पाणी दुसऱ्याच्या जागेत पाडायचा हक्क पोचतो की नाही, हा प्रश्न कोर्टात जाऊ लागला. या हक्कांचा १८८२चा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला तो १८९१ साली. वळचणीखाली लोखंडी किंवा जस्ती पन्हळ आणि भिंतीवरून उतरणारा नळ ही शहरी घराची ओळख ठरली. त्याबरोबर एक नवं कामही जन्माला आलं: छपराच्या अगदी काठावर, खाली रस्ता, मागे घसरता उतार, आणि हात पन्हळात.

गिरणगावात या कामाने फारच मोठं रूप घेतलं. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढे विणकामाच्या खात्यांवर करवतीच्या दात्यांसारखी छपरं आली. दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला, म्हणजे मागावर उजेड येतो पण ऊन येत नाही. दोन दात्यांच्या मधे एकेक लांबलचक पन्हळ. एका खात्यावर अशी कितीतरी पन्हळं समांतर गेलेली, त्यांच्यात उडालेला कापूस, कबुतरांची विष्ठा, कोळशाची काजळी. पावसाळ्याच्या तोंडावर ती उपसायला माणसं वर जात. एका हाताला काच, दुसऱ्या हाताला पत्रा, आणि पायाखाली, एका छपराच्या अंतरावर, चालू माग.

कायद्याचं लक्ष तेव्हा मागावर होतं. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा लहान मुलांच्या कामाबद्दल आणि यंत्रांना कठडे घालण्याबद्दल बोलला. छपराबद्दल काही नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. ती १८९०च्या जूनमध्ये पदरात पडली. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या आणि कायमचं पंगुत्व आलं तर पोटापाण्याची सोय करा. ही मागणी कायद्यात उतरायला १९२३ साल उजाडावं लागलं. कामगार नुकसानभरपाईचा तो कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला.

या कायद्याचं दुसरं परिशिष्ट वाचताना शाकारणीच्या गड्याची आठवण होते. इमारतीची दुरुस्ती आणि देखभाल करणारा माणूस भरपाईला पात्र कधी, तर इमारत एका मजल्याहून अधिक असेल किंवा जमिनीपासून छपराच्या माथ्यापर्यंत १२ फूट वा अधिक उंच असेल तेव्हा. सरकारनेही शेवटी आढंच मोजलं. पण ज्याच्या घराचं आढं १२ फुटांवर होतं, त्याच्याकडे एक दिवसासाठी आलेला गडी मात्र या कायद्याच्या चाळणीतून खाली पडला. कामगाराच्या व्याख्येतूनच दोन गोष्टी एकत्र जुळणारा माणूस वगळलेला होता: काम तात्पुरतं, आणि मालकाच्या धंद्यासाठी नसलेलं. आपल्या राहत्या घराचं पन्हळ साफ करून घेणाऱ्याचा त्यात धंदा कुठला? हे वगळणं काढून टाकलं ते २००० सालच्या दुरुस्तीने. म्हणजे शहात्तर वर्षं.

तोवर छप्पर पुन्हा बदललं होतं, आणि या खेपेचा बदल सगळ्यात घातक निघाला.

नालीदार लोखंडी पत्रा तसा जुना. हेन्री पामर या इंजिनिअरने लंडनच्या गोदीसाठी १८२९ साली त्याचं पेटंट घेतलं. जस्ताचा मुलामा चढवायची रीत पुढच्या दशकातली. लोखंडी पत्रा माणसाखाली वाकतो, आवाज करतो, गंजला तर तांबूस दिसतो. काहीतरी कळवतो तरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक याने सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पातळ तक्ते काढले. भारतात त्या तक्त्यांचा कारखाना १९३४ साली मध्य प्रांतात, कटनीजवळच्या कैमोरला निघाला. गोदामं, कारखाने, शाळा, बाजारपेठा, गोठे, बघता बघता सगळ्यांवर ते चढले. गंजत नाहीत, स्वस्त, रंग लावायला नको. लोकांनी त्यांना नाव दिलं सिमेंटचे पत्रे.

घोटाळा या नावापासूनच आहे. सिमेंट म्हटलं की माणसाला सुचतं भक्कम आणि पत्रा म्हटलं की सुचतं लोखंड. प्रत्यक्षात त्याची जात कौलाची. ताण आला की तो वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. जुना झाला की आणखी ठिसूळ होतो, वर शेवाळ धरतो, आणि खालून बघितलं तर धडधाकट दिसतो. कौल फुटलं तर पाय अडकतो. एक कौल म्हणजे वीतभर रुंद आणि खाली फुटावर रीप. सिमेंटचा पत्रा फुटला तर चार-साडेचार फुटांच्या पोकळीत अख्खा माणूस सरळ खाली जातो, कारण आधाराचे पाट तितक्या अंतरावर असतात. ते पाट वरून दिसत नाहीत. दिसते ती फक्त आकड्याच्या बोल्टांची ओळ, पत्र्याच्या नालीच्या माथ्यावर टोपी घातलेली. छपरावर वावरलेले जुने लोक त्या ओळीवरून चालत. तीच त्यांची वाशाची रेषा. पण बोल्टाभोवतीच पत्र्याला तडा जातो, आणि तोल गेला की पाय ओळीबाहेर पडतोच. त्यातून गोदामात उजेड यावा म्हणून मधेमधे फायबरचा पारदर्शक पत्रा बसवलेला. दोन पावसाळ्यांनी त्यावर धूळ बसली की तो शेजारच्या सिमेंटपासून ओळखू येत नाही. तो तर सिमेंटच्या पत्र्याहूनही कच्चा.

पन्हळ उपसायला गेलेला माणूस इथे कसा फसतो ते बघण्यासारखं आहे. तो शिडीने कडेला येतो, पन्हळात उभा राहतो. पन्हळ पुरेसं रुंद असतं. गाळ घमेल्यात भरतो. घमेलं जड होतं, ते ठेवायला जागा हवी. तो वळतो आणि एक पाऊल मागे, पत्र्यावर टाकतो. कामाकडे बघून टाकलेलं पाऊल तो जपून टाकतो, हे घमेल्याकडे बघून टाकलेलं असतं. यावर उपाय फार साधा आहे आणि जुना आहे: दोन-तीन पाटांवर टेकेल अशी आडव्या पट्ट्या ठोकलेली लांब फळी, आणि एकावरून दुसरीवर सरकता यावं म्हणून अशा दोन फळ्या. पन्हळावर वाकलेल्या गड्याचं आडवं फळकूटच ते, थोडं मोठं झालेलं.

१९४८च्या कारखाने अधिनियमाचं ३२वं कलम मजले, जिने आणि सुरक्षित वाटांबद्दल होतं. जिथून माणूस पडू शकतो अशा उंचीवर काम असेल तर कठडा घालून किंवा अन्य रीतीने त्याची काळजी घ्या, ही तरतूद त्यात १९७६ साली घातली गेली. मग आला १९९६चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा. त्यात दुरुस्ती आली, देखभाल आली, परांची आली, शिड्या आल्या. त्यातून सुटलेले मात्र तेच जुने. दहापेक्षा कमी कामगार असतील तर कायदा लागू नव्हता, आणि स्वतःच्या राहत्या घराचं काम दहा लाखांच्या आत असेल तरीही नव्हता. पन्हळ साफ करायला दहा माणसं कोण लावतो? दोन वर, एक शिडीपाशी.

उंचीचा प्रश्न आपल्याला कळत नाही असं मुळीच नाही. दहीहंडीच्या थरांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली २० फुटांची मर्यादा घातली, तेव्हा राज्यभर वाद झाला. पुढे २०१७ साली ती मर्यादा उठली, पण वयाच्या अटी, दोर, हेल्मेटं हे शब्द घरोघरी पोचले. ज्या चाळीसमोर तो थर लागतो, तिच्याच तिसऱ्या मजल्यावर कठड्याबाहेर उभं राहून पावसाळी नळाचं तोंड मोकळं करणाऱ्या माणसाबद्दल तितक्या तावातावाने कोणी बोललेलं ऐकिवात नाही.

त्या चाळीवर आज बहुधा निळी ताडपत्री असते. कौलं मिळत नाहीत, शाकारणारे मिळत नाहीत. मे महिन्यात ताडपत्री अंथरायची, कडेला विटा आणि जुने टायर ठेवायचे, झालं. पाणी थांबतं. पण पायाच्या दृष्टीने यापेक्षा वाईट छप्पर शोधून सापडणार नाही. कौलाची कड झाकली, रीप झाकली, फुटलेली जागा झाकली. तीनशे वर्षांत पाय जे जे शिकला होता, ते सगळं एका निळ्या चादरीखाली गेलं.

मग उरतो दोर. मराठी मनात दोर म्हटलं की सिंहगड येतो; १६७०ची ती रात्र, आणि कथेत सूर्याजीने कापलेले दोर. परतीची वाट तोडणारा दोर आपल्याला पाठ आहे, धरून ठेवणारा दोर आपल्या गोष्टींत फारसा नाही. कामावरही तो उशिराच आला, आणि आला तो कमरेच्या पट्ट्याच्या रूपात. त्या पट्ट्याची खोड अशी, की माणूस निसटला आणि सहा फूट खाली जाऊन हिसका बसला, की तो सगळा कमरेला आणि पोटाला बसतो. अमेरिकेत १९९८पासून पडणाऱ्याला झेलण्यासाठी नुसता कमरपट्टा वापरायला बंदी झाली. मांड्या, खांदे, छाती अशी सगळीकडून पकडणारी झूल आता आपल्याकडेही बाजारात मिळते, गृहसंस्थांच्या कचेरीत खिळ्याला टांगलेलीही दिसते. खिळ्यालाच टांगलेली राहते, त्याचं कारण दरवेळी आळस हेच नसतं. वर गेल्यावर तिचा आकडा अडकवायचा कशात? पन्हळाच्या पत्र्यात? नळाच्या कडीत? ताडपत्रीत? घर बांधताना आढ्याजवळ एक पक्की कडी बसवली असती तर प्रश्न नव्हता. ती बसवायची हे कोणाच्या नकाशात नव्हतं.

गड्यांनी यावर तोडगा काढलेला होता, आणि काही ठिकाणी तो अजून चालतो. दोराला दगड बांधून तो आढ्यावरून पलीकडच्या अंगणात फेकायचा. पलीकडचं टोक फणसाच्या बुंध्याला. अलीकडचं टोक चढणाऱ्याच्या अंगाला. छप्पर मधे आल्याने दोर आढ्याच्या कोन्यावर घासतो, म्हणून तिथे गोणपाट. पलीकडच्या बाजूला घरातलं कोणीतरी बसवायचं, कारण बुंध्याला बांधलेला दोर बघून गुरं बांधायला कोणी तो सोडेल याचा नेम नसतो.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग, खाली मंडणगड, दापोली, एका दुपारी छपरंच्या छपरं उडाली. मृग चार दिवसांवर. गावात टाळेबंदी, बाहेरचा गडी येणार नाही, कौलं आणि पत्रे दोन्हींची टंचाई. जी माणसं तोवर कधी छपरावर गेली नव्हती, ती चढली. मुंबईहून टाळेबंदीत आलेली मुलं चढली, बूट घालून. वरून हाका येत, खालून म्हातारे सांगत: कडेवर पाय दे, मधे नको, पंजा टेक. त्या आठवड्यात शाकारणीची शाळा पुन्हा भरली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. या दोन वादळांनंतर किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी कौल सोडून रंगीत लोखंडी पत्रा घेतला. तो माकडांना दाद देत नाही. पावसात त्यावर कोणी उभं राहू शकत नाही, पण उभं राहायची वेळही कमी येते.

पन्हळाची वेळ मात्र येतेच. सिंधुदुर्गात एखाद्या घरी मे महिन्याच्या शेवटी गडी वर चढतो आणि खोबणीतून एकेक गोष्ट खाली टाकतो. फणसाच्या आठळ्या, काळी पडलेली पानं, रबरी चेंडू, कावळ्याने नेलेला चमचा, बोटभर वाढलेलं पिंपळाचं रोप मुळासकट. सगळं निघालं की तो घरातून कळशी मागतो. कळशी दोराने वर जाते. खोबणीच्या वरच्या टोकाला तो ती सावकाश ओततो आणि तिथूनच, मान न वळवता, विचारतो, "वयनीनू, इला काय पाणी?"

खालच्या बाजूला, नळाच्या तोंडाशी वाकून बसलेली बाई थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग म्हणते, "इला."